परशराम पैलवानानं कुस्तीआधी केलेली निरवानिरव

मी, परशराम सातेरी होनगेकर, वय बेचाळीस, धंदा कुस्ती व तालमीतून काढल्यापासून शेती, राहणार उचगाव, तालुका बेळगाव, आज पूर्ण शुद्धीत राहून हे मृत्युपत्र राजीखुशीनं लिहून ठेवतो. नशा केलेली नाही. म्हशीचं दूध प्यायलो आहे, ते नशेत धरत नाहीत.

उद्या नंदगडच्या जत्रेत माझी मष्णू पैलवानाशी कुस्ती ठरत आहे. बेळगावच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून सांगितलं, की आखाड्यात उतरलात तर जबाबदारी आमची नाही. ती त्यांच्यावर टाकायचा माझा विचार कधीच नव्हता. तरी मागं तंटा नको म्हणून हा कागद.

कलम पहिलं. उचगावातलं घर, ओढ्याकडची जमीन, दुभती म्हैस व भांडीकुंडी माझी लग्नाची बायको नागुबाई हिला मिळावीत. नागुबाई विधवा होती. मी तिच्याशी रीतसर पाट लावला. ती ठेवलेली बाई आहे असं माझा धाकटा भाऊ भरमू गावभर सांगतो. पाटाच्या जेवणात ताट पुन्हा पुन्हा भरून घेताना त्याला ही शंका आली नव्हती.

कलम दुसरं. बोभाटा कसा झाला तेही लिहितो, कारण लोक तिखटमीठ लावतात. अनगोळच्या तालमीचा मी लंगोटबंद पैलवान. ब्रह्मचारी म्हणून बेळगावचे शौकीन मला बदाम व तूप पाठवत. पाट लावल्याचं मी तालमीत बोललो नाही. कुणी विचारलंही नाही. पुढं बेळगावच्या मैदानात मी खाली सापडलो, तेव्हा मैदानाबाहेर बैलगाडीवर उभी असलेली नागुबाई ओरडली, "अवो, डावा पाय सोडवा की आधी!" नाव न घेता नुसतं "अवो" म्हणून बाई कुणाला हाक मारते, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. हलगी थांबली. मी वळून तिच्याकडं पाहिलं आणि चितपट झालो. सल्ला मात्र बरोबर होता.

कलम तिसरं. बदाम पाठवणाऱ्यांनी फसवणूक झाल्याची बोंब मारली. ते बदाम माझ्या मांड्यांत आहेत. परत हवे असतील त्यांनी माझ्या चितेपाशी येऊन मागावेत.

कलम चौथं. भरमूला माझी व्यायामाची दगडी नाल मिळावी. रोज उचलली तर पोट उतरेल आणि दम लागून तोंडही बंद राहील. घरावर हक्क सांगायला आला, तर नागुबाईनं त्याला आधी जेवू घालावं, मग हा कागद दाखवावा. उपाशी असला की त्याच्या डोक्यात काही शिरत नाही.

कलम पाचवं, आणि हेच मुख्य. मला आण्णाप्पा वस्तादांनी घडवलं आणि त्यांनीच हाकललं. आमच्याकडं पैलवानाचा पुकारा वस्तादाच्या नावानं होतो. अमक्याचा पठ्ठा म्हटल्याशिवाय पंच जोड लावत नाहीत. वस्ताद पुन्हा नाव द्यायला तयार आहेत. अट एकच: मारुतीवर हात ठेवून, नागुबाई माझी कोणी नाही, असं मी म्हणावं.

मला आखाडा हवा आहे. अंगाला माती लागली नाही की मला घास गोड लागत नाही. नागुबाईला हे माहीत आहे, म्हणून काल तीच म्हणाली, "म्हणा की एकदाचं. मारुतीला बायको न्हाय, त्येला काय कळतंय?" मला हसू आलं, मग रडू आलं.

मी म्हणणार नाही. कुस्ती गेली तरी चालेल. मी मेल्यावर बायको म्हणून रडायचा तिचा हक्क कुणी हिरावू नये.

पुरवणी. वरचा मजकूर होतो न होतो तोच वस्ताद शपथ घालायला नारळ घेऊन दारात आले. त्यांना अक्षरओळख नाही, म्हणून साक्षीला बोलावलेल्या चिंतामणी वकिलांनी सगळा कागद वाचून दाखवला. मारुतीच्या वाक्याला वस्तादांना ठसका लागला.

"शपथ घेणार न्हाईस?"

"न्हाय, आण्णा."

"मग माझ्या नावानं उतरायचं न्हाय."

मी मान खाली घातली. ते म्हणाले, "मान वर कर रं. तालमीतनं काढल्यावर तुला खुराक कुणी घातला?"

"नागुबाईनं."

"अंगाला तेल?"

"तिनंच."

"पहाटं जोर मारायला कोण उठवतंय?"

"तीच. लाथ घालून."

"मग तिचाच पठ्ठा की तू! पुकारा तसाच हुईल, नागुबाईचा परशराम. पंचात मी बसतोय, बघू कोण आडवतंय."

नागुबाई पदर तोंडाला लावून आत गेली. वकिलांनी साक्षीसाठी शाई पुढं केली, तेव्हा वस्तादांनी अंगठा वरच धरला. "कागदात बायको म्हटलंय न्हवं?"

"हो. लग्नाची बायको."

"मग आणा हिकडं."

लिहून देणार: परशराम सातेरी होनगेकर, सही दस्तुरखुद्द
साक्षीदार: चिंतामणी वकील, बेळगाव, सही
साक्षीदार: आण्णाप्पा वस्ताद, अनगोळ, डाव्या अंगठ्याची निशाणी
मुक्काम उचगाव, तारीख १८ माहे फेब्रुवारी, सन १९३६