तिसऱ्या खोलीतला दोष

३ जानेवारी १९८७
संकल्प: यंदा समीक्षक व्हायचं. नाटक-सिनेमावर लिहिणारे नागपुरात पैशाला पासरी. कॉम्प्युटर गेमवर लिहिणारा एकही नाही. म्हणजे पहिला मीच. साप्ताहिकाचे संपादक देवराव म्हणाले, लिहून आणा गणपतराव, लोकायले आवडलं तं दर रविवारी सदर सुरू करू. सहीची प्रॅक्टिस केली. दोन पानं.

६ जानेवारी
शेजारच्या श्रीधरची बायको प्रेमलता धंतोलीत कॉम्प्युटर क्लास चालवते. तिने स्वतः गेम बनवला आहे. नाव 'हमाल'. गोदामातली पोती ढकलत ढकलत खुणेच्या चौकटीत न्यायची. ढकलता येतात, ओढता येत नाहीत. अशा बारा खोल्या. मी इतवारीत धान्याच्या गोदामात बावीस वर्षं दिवाणजी आहे. पोत्यांबद्दल मला कोण शिकवणार? रविवारपर्यंत बाराही खलास.

७ जानेवारी
दोन खोल्या झाल्या. प्रेमलताने मधे मधे सांगितलं, पण मला तेच सुचत होतं.
चित्रं भिकार. सगळं हिरवं-काळं, पोतं म्हणजे नुसता चौकोन. रंगीत गेम निघाले असताना हे जुनाट कशाला, असं विचारलं. म्हणाली, काका, मुद्दामच तसं ठेवलं, काम डोक्याले पाहिजे, डोळ्याले नाही. टिपून ठेवलं: निर्माती हट्टी.

८ जानेवारी
तिसरी खोली. चार पोती.

९ जानेवारी
तिसरी खोली.

१० जानेवारी, संध्याकाळी ६
दोष सापडला! आमच्या गोदामाचा नियम आहे, आधी थप्पी भिंतीला लावायची, मधे वाट मोकळी. मी तसंच केलं, तर भिंतीला लागलेलं पोतं पुढे हलेचना. इतवारीतला हमाल आकडा घालून सरळ मागे ओढतो. बाईंनी पोतं कधी पाहिलेलं दिसत नाही. इतका आनंद झाला की येताना अर्धा किलो जिलेबी आणली. बायको गोपिकाने विचारलं, जिंकले का जी? म्हटलं, त्याहून मोठं काम केलं.

१२ जानेवारी
लेख दिला. "तिसरी खोली सुटणे मनुष्यास अशक्य." कडक, पण निष्पक्ष.

१८ जानेवारी, रविवार
छापून आला. सहा अंक घेतले.

१९ जानेवारी
गोदामात मोठ्याने वाचून दाखवला. सगळ्यात लक्ष देऊन कवडू हमालाने ऐकला. म्हणाला, दिवाणजी, मले बी दाखवा ना हे. साहित्य असं तळागाळात पोहोचतं.

२० जानेवारी
अशक्य म्हणजे काय ते दाखवायला कवडूला क्लासात नेलं. आधी तो हात न लावता नुसता बघत राहिला. मग म्हणाला, पोतं भिंतीले काहून लावून राहिले जी? त्याच्या मांगं मानसाले उभं राहाले जागा नको का? बटणं मी दाबली, सांगत तो गेला. तिसरी सुटली. चहा येईपर्यंत सातवीही.
अपवादाने नियमच सिद्ध होतो.

२५ जानेवारी
क्लासबाहेर रांग! अशक्य छापलंय ते आपण करून दाखवू, म्हणून अर्धी इतवारी लोटली आहे. एका लेखाने. देवराव म्हणाले, सदर पक्कं. नवा पेन घेतला. चालता चालता शीळ वाजवत होतो, असं गोपिकाने सांगितलं.

२९ जानेवारी
सदर पक्कंच आहे. कवडूचं. देवराव म्हणाले, बाराही खोल्या त्यानंच सोडवल्या, त्याच्याच तोंडून ऐकाले लोक मागून राहिले. त्याले लिवाले फुरसत नाही, तुम्ही उतरवून घ्या, तुमचं अक्षर चांगलं हाय.
म्हणजे संपादन माझ्याकडे.

३ फेब्रुवारी
प्रेमलताने गेम सुधारला. तिसरी खोली सगळ्यांनाच जमते, म्हणून सोपी ठरवून पहिली केली. त्या खोलीला नाव दिलं 'गणपतराव'. गेममधल्या खोलीला नाव मिळालेला नागपुरातला पहिला समीक्षक मीच असणार. पहिला मान म्हणून आज स्वतः खेळायला बसलो.
दोन तास. चारही पोती भिंतीला.