सातव्या खांबाचा कंदील

माझगाव, मुंबई
ता. १२ जून १९२७

ती. तुळशीबायच्या पायांशी धाकट्या भावाचा, सावळ्याचा शि. सा. न. वि. वि.

इकडे क्षेम आहे, पण चित्त थाऱ्यावर नाही. दिवसा गोदीत हमाली, संध्याकाळी विजेचा वर्ग. चाळिशीचा मी एकटाच, बाकीची पोरं मला काका म्हणतात. पहिल्याच दिवशी शोभा झाली बघ. पंधरा वर्षं जव्हारच्या रस्त्यावरचे कंदील राखेनं पुसलेला हात हा! वर्गातला विजेचा दिवा पेटता असतानाच राखेनं पुसायला घेतला. बोटं भाजली ती भाजली, वर मास्तर खेकसले.

आतापर्यंत सगळे एकत्र बसतो, आता महिनाअखेर दोनांपैकी एका वर्गात नाव द्यायचं आहे. एक वर्ग सहा महिन्यांचा, नुसत्या तारा ओढायचा. दुसरा दीड वर्षाचा. त्यात इंजिन शिकवतात आणि परीक्षा होऊन सरकारी दाखला मिळतो. संस्थानचे कारभारीसाहेब म्हणालेच आहेत, जव्हारला वीज आली की कंदील निघणार आणि दाखला असेल त्यालाच कामावर ठेवणार. पण तोवर माझ्या जागी ठेवलेला आपला राघोदादा माझे कंदील सांभाळील का? लागोपाठ तीन दिवस रस्ता अंधारात राहिला की काम दुसऱ्याला, अशी बोली आहे. आणि दादाचा एक पाय कायम सूर्यमाळला, सासुरवाडीत. कुठल्या वर्गात जाऊ? रोज उठून मन बदलतं. लगेच कळव.

आहे ती माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा सावळा

जव्हार
ता. १७ जून १९२७

चि. सावळ्यास तुळशीबायचे अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. राखेचं वाचून हसता हसता पोट दुखलं. मेल्या, मुंबईला जाताना राख बांधून नेलीस की काय! गुरुजींच्या घरी भांडी घासता घासता शिकलेली ही माझी अक्षरं, नीट लावून वाच.

मोठ्याच वर्गात जा. कंदिलांचा घोर सोड, एक दिवस रस्ता अंधारात राहिलेला नाही. बाजारात वारा फार, काडी दोनदा ओढावी लागते. दवाखान्यापुढच्या सातव्या खांबाच्या कंदिलाची वातीची चावी तेवढी घट्ट आहे, पण पदर गुंडाळला की फिरते.

वेळेवर जेवत जा. लोभ आहेच.
तुळशीबाय

माझगाव, मुंबई
ता. २२ जून १९२७

ती. तुळशीबायस सावळ्याचा शि. सा. न. वि. वि.

पत्र तीनदा वाचलं. बाय, राघोदादाला पदर कुठला गं? तो कुठे आहे, आणि शिडीवर कोण चढतं, ते खरं खरं लिही. पन्नाशीला आलीस, शिडी पावसानं ओली. पडलीस तर तो दाखला काय चाटायचा आहे मला? लहान वर्ग नको नि मोठाही नको. पहिल्या तारखेला बोचकं बांधून निघतो.

रागावलीस तरी माया सोडू नकोस.
सावळा

जव्हार
ता. २५ जून १९२७

चि. सावळ्यास आशीर्वाद.

खबरदार निघालास तर! सापडले बाबा, पदरानं घात केला. तू गेल्यावर राघो आठव्या दिवशीच सूर्यमाळला गेला. पहिल्या संध्याकाळी शिडी लावली, पदर खोचला आणि चढले. बाजार लोटला होता बघायला, खिदळत होता नुसता. चार दिवसांनी स्वतः कारभारी आले. ते म्हणाले, रस्ता उजेडात आहे तोवर शिडीवर कोण चढतं याच्याशी त्यांना कर्तव्य नाही.

आता लपवत नाही, सगळंच सांगते. इतकी वर्षं लोकांची भांडी घासली, पण मान वर करून माझ्याकडे कुणी बघितलं नाही. आता मी शिडी घेऊन निघाले की बायका दारात येऊन म्हणतात, तुळशीबाय, आमच्यापुढचा आधी लाव. सातव्या खांबावरून अख्खा बाजार दिसतो. मला फार आवडतं रे ते.

तुझी वीज आली की कंदील निघतील आणि माझी शिडीही जाईल, एवढं कळतं मला. तरी तू मोठ्याच वर्गात नाव घाल आणि पास होऊनच ये. फक्त एक दिवससुद्धा आधी येऊ नकोस. हे दीड वर्ष माझं आहे.

दिवेलागण झाली, निघते. माझी काळजी नको, माया मात्र असू दे.
तुळशीबाय