मधली जागा

६ मे, मंगळवार

बढती! मला! साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं तेव्हा वाटलं, परवाच्या प्रकरणावरून झापणार. (माईक चालू आहे हे विसरून मी म्हणाले होते, "पळताय कशाला, गाडी कुठे सुटतेय एवढ्यात." सगळ्या बसस्थानकाने ऐकलं.) तर साहेब म्हणाले, "मोठ्या स्थानकावर मुख्य उद्घोषक म्हणून तुमचं नाव आलंय. सोमवारपर्यंत हो की नाही ते सांगा."

मोठं स्थानक म्हणजे लेक शिकते त्याच शहरात. राहायला क्वार्टर. वसतिगृहातल्या जेवणाला ती कंटाळली आहे, मी घरातल्या मंडळींना. लगेच फोन केला. किंचाळलीच पोरगी. "आई, तू नाही म्हणालीस ना, तर बघच!"

नवरोबांना सांगितलं. ते चहात बिस्किट बुडवत होते. "जा की," म्हणाले. मग बिस्किट तुटून कपात पडलं आणि त्यांना सुचलं, "पण तू गेलीस तर आई-बाबांचं बोलणं कोण करणार?"

हे वाचून कोणाला वाटेल, सासू-सासरे मुके आहेत. छे! दोघांची तोंडं दणदणीत चालतात. फक्त एकमेकांशी चालत नाहीत.

७ मे, बुधवार

कागदावर एकदा नीट लिहून काढते, म्हणजे मलाच खरं वाटेल. माझ्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मामंजींनी सासूबाईंचं शिवणयंत्र परस्पर आपल्या बहिणीला देऊन टाकलं. सासूबाई फक्त एवढंच म्हणाल्या, "ह्यांना सांग, मी ह्यांच्याशी बोलत नाही." मला म्हणाल्या. मी नवी सून, सांगितलं. मामंजी म्हणाले, "हिला सांग, बरं झालं." तेही सांगितलं. तिथेच माझं चुकलं. त्या दिवशी जी गळ्यात पडली ती ड्युटी अजून सुटलेली नाही. रजा नाही, ओव्हरटाइम नाही.

सोफा तीन माणसांचा आहे. एका टोकाला ते, दुसऱ्या टोकाला त्या, मध्ये मी. "सूनबाई, हिला सांग, टीव्हीचा आवाज कमी कर." "ह्यांना सांग, रिमोट ह्यांच्याच मांडीखाली आहे." मी डावीकडे मान, उजवीकडे मान. दिवसभर माईकवर ओरडायचं आणि घरी आल्यावर हे!

नवरोबा ह्या वेळी कुठे असतात? दुकानात. दुकान बंद असलं तर दुकानासमोर.

८ मे, गुरुवार

नवरोबांची अक्कल चालली! रविवारी धरणावर जायचं. तलाव, बाग, बोटी. "मोकळ्या हवेत सांग त्यांना. घरात सांगितलंस तर रडारड होईल." म्हटलं, तुम्ही सांगा, तुमचेच आई-बाप. तर म्हणे, "तुला बोलायची सवय आहे."

१० मे, शनिवार

उद्याची तयारी. मामंजी टोपी शोधताहेत. सासूबाईंना माहीत आहे ती कुठे आहे. मलाही माहीत आहे. पण मी आज मूग गिळून बसले आहे, बघू या म्हटलं काय होतं. काही झालं नाही. मामंजी बिनटोपीचे येणार.

११ मे, रविवार

हुश्श! आलो एकदाचे. पाय दुखताहेत, घसा बसलाय. सगळं लिहिल्याशिवाय डोकं शांत होणार नाही.

गाडीत मागे आम्ही तिघं. मी मध्ये, अर्थातच. "सूनबाई, हिला सांग, काच वर कर, धूळ येते." मी त्यांच्याकडे बघते तर त्या आधीच, "ह्यांना सांग, मला गुदमरतं." दोघांच्या मध्ये फक्त माझी मांडी! पुढे नवरोबा गाणं गुणगुणत गाडी चालवत होते. त्यांच्या मानेकडे बघून माझ्या मनात काय काय आलं ते इथेही लिहीत नाही.

धरण म्हणजे काय वर्णावं. फाटकावरच्या मोठ्या चित्रात पाणी धो धो कोसळतंय, इंद्रधनुष्य पडलंय. आत गेलो तर भिंत कोरडी ठाक आणि दारं बंद. खालच्या दगडांवर दोन कुत्री झोपलेली. भर उन्हाळ्यात पाणी कुठून येणार! तरी लोक रांग लावून त्या कोरड्या भिंतीकडे पाठ करून हसऱ्या तोंडाने फोटो काढत होते. आम्हीही काढला. मी मध्ये.

गुलाबांची बाग आहे, त्यात गुलाबांची नावं लिहिलेल्या पाट्या आहेत. गुलाब नाहीत. कारंजं आहे, ते "संध्याकाळी चालू होईल". संध्याकाळी आम्ही निघालो तेव्हा तिथला माणूस नळाशी झटापट करत होता. तलाव मात्र खरा. निळाशार, वाऱ्याने थरथरणारा. झाडाखाली सतरंजी अंथरली, डबे उघडले, कलिंगड कापलं. म्हटलं, आता सांगावं. तोंड उघडणार तेवढ्यात मामंजी, "हिला सांग, बिया काढून दे म्हणावं." सासूबाई, "ह्यांना सांग, हात आहेत ना." माझं तोंड तसंच मिटलं. नवरोबा पोटभर जेवून, तोंडावर पेपर घेऊन आडवे झाले. आणि मला म्हणे, मोकळ्या हवेत सांग!

मग बोटी. बदकाच्या आकाराच्या, दोघांनी मिळून पायडल मारायच्या. ठरलं असं, की एका बदकात मी आणि सासूबाई, दुसऱ्यात बापलेक. बापलेकांतला लेक घोरत होता. सासूबाई पहिल्या बदकात बसल्या. मी चप्पल काढतेय तेवढ्यात बोटवाल्याने मामंजींचा दंड धरला, "या आजोबा, आजींच्या शेजारी या, लाजता काय!" आणि बसवून दिलं ढकलून!

बदक गेलं पंधरा-वीस हात आणि लागलं की गोल गोल फिरायला. ते मारतील तर त्या थांबणार, त्या मारतील तर ते थांबणार. आणि मग सुरू झालं. सासूबाई मागे वळून, पाण्यावरून, गळा काढून, "सूनबाईऽऽ! ह्यांना सांग, उजवीकडचं पायडल मारा!"

शेजारी बसलाय ना तो माणूस! खांद्याला खांदा लागतोय!

मामंजी टक्कल चमकवत, "हिला सांऽऽग, तिचंच चुकतंय!"

आणि मी काय केलं? सांगितलं! सवय हो, सवय! दोन्ही हात तोंडाशी धरून, स्थानकावर लागतो तो आवाज लावला, "बाबा! आई म्हणतात, उजवं पायडल! आई! बाबा म्हणतात, चूक तुमची आहे!" काठावर गर्दी जमली. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. एक बाई तिच्या नवऱ्याला म्हणाली, "बोटींवर लक्ष ठेवायला ठेवलीय वाटतं हिला."

ते ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं. पन्नाशी आली माझी. लेक तिकडे वाट बघतेय. आणि मी इथे काठावर उभी राहून, एका बदकात बसलेल्या दोन माणसांचे निरोप एकमेकांना देतेय! मनात म्हटलं, बुडा नाहीतर तरा. पाठ फिरवली आणि तरातरा धरणाच्या भिंतीकडे चालू लागले. मागून "सूनबाईऽऽ" आलं. वळले नाही.

भिंतीवर वारा छान होता. थोडं रडून घेतलं, खोटं कशाला सांगू. वरून बघितलं तर ते पांढरं बदक सरळ रेषेत काठाकडे येत होतं. वाटलं, बोटवाल्याने दोर लावून ओढलं असणार. मनाला लागून राहिलं, म्हाताऱ्या माणसांना टाकून आले. धावतच खाली उतरले.

बोटवाला म्हणाला, "ओढायला कशाला पाहिजे? छान चालवली की दोघांनी. गप्पा काय, हसणं काय! आजोबा तर गाणं म्हणत होते." मी त्याला म्हटलं, तुम्ही दुसऱ्या कुठल्या तरी बोटीबद्दल बोलताय. दिवसभर उन्हात उभं राहून माणसाचं असं होतं.

आमची मंडळी सतरंजीच्या दोन टोकांना, तोंडं दोन दिशांना करून बसली होती. "ह्यांना सांग, माझ्या साडीवर पाणी उडवलंय." म्हटलं, हे आपलं ओळखीचं.

परतीच्या वाटेत सासूबाईंनी माझा हात हातात घेतला. असं कधी करत नाहीत. म्हणाल्या, "तू काठावर नसतीस तर आज आम्ही काही घरी येत नव्हतो गं." बढतीचं एक अक्षर काढलं नाही.

१२ मे, सोमवार

साहेबांना नाही म्हणून सांगितलं. कारण विचारलं. काय सांगणार? "घरी अडचण आहे" म्हटलं. ते म्हणाले, "सगळ्यांच्याच असते."

लेकीला फोन केला. "बरं" म्हणाली आणि ठेवला. ती भांडली असती तर बरं वाटलं असतं मला.

नवरोबा म्हणाले, "शहाणी आहेस." त्यांना आज माझ्या हातचा चहा मिळालेला नाही.

१३ मे, मंगळवार

चष्मा घरी विसरले. त्याच्याशिवाय वेळापत्रक वाचता येत नाही, म्हणून दुपारी रिक्षा करून घरी. दार नुसतं लोटलेलं होतं. आतून बोलण्याचा आवाज. वाटलं, कोणी पाहुणे आलेत.

सासूबाई म्हणत होत्या, "अहो, घ्या की अजून एक फोड. गोड आहे."

"बस गं. पोट आहे की पिशवी."

मी चप्पल हातात घेऊन दारातच.

"बोटीत मात्र तू अतिच केलंस हं," मामंजी. "उजवीकडचं पायडल काय!"

"मी? बोंबलत कोण होतं? ती पाठमोरी झाली तेव्हा कुठे नीट मारायला लागलात." आणि हसल्या! सासूबाई! खुदुखुदु!

बोटवाल्याची मनातल्या मनात माफी मागितली. इतकी वर्षं! रोज माझी मान डावीकडे-उजवीकडे! आत जाऊन दोघांना फैलावर घ्यायचं म्हणून पाऊल उचललं, तेवढ्यात मामंजी म्हणाले, "पुरे करू या का आता? पोराने सांगितलं ना तुला, तिला तिकडे जायचंय. लेक आहे तिची तिथे."

सासूबाई म्हणाल्या, "मग आपल्याजवळ येऊन बसणार कोण? तुमचा लेक? आपलं मिटलं तेव्हाच सांगणार होते मी तिला. पण निरोप न्यायला का होईना, ती येऊन बसते तरी. नाहीतर कोणाला काय पडलंय आपलं."

पाऊल मागे घेतलं. चष्मा न घेताच परत गेले. रिक्षात राग आला, मग रडू आलं, मग परत राग आला.

साहेबांनी कालचा नकार अजून वर कळवलाच नव्हता. आमच्या खात्यातल्या आळसाचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. म्हटलं, "जाते मी."

तेच, संध्याकाळी

सोफ्यावर माझ्या जागी जाऊन बसले. मामंजींकडे मान वळवली, "बाबा, आईंना सांगा, मी एक तारखेला जातेय." मग सासूबाईंकडे, "आई, बाबांना सांगा, सुट्टी मिळेल तेव्हा येईन. निरोप द्यायला नाही. नुसती बसायला."

दोघंही टीव्हीकडे बघत राहिले. टीव्ही बंद होता.

मग सासूबाईंनी माझ्या मांडीवर चापटी मारली. "सूनबाई, सरक जरा तिकडे. मला ह्यांच्याशी बोलायचंय."

सरकले.