शाम्पूलाच झालेला कोंडा

भटवाडी, घाटकोपर
दि. १२ नोव्हेंबर १९८६

रा. रा. सहदेव गावस, मुक्काम कुडाळ, यांस गिरणीतला जोडीदार दशरथ परब याचा साष्टांग नमस्कार.

(साष्टांग कागदावरच समज. तू माझ्याहून दीडच महिन्याने मोठा आहेस आणि माझे गुडघे दुखतात.) तुझी पाठ आता कशी आहे? वहिनींना नमस्कार सांग, आणि म्हैस अखेर विकली की ठेवली तेही कळव. इकडे आम्ही सगळे खुशाल. मी तर जरा जास्तच खुशाल आहे. संपानंतर गिरणी सुटली त्याला चार वर्षं झाली, एवढ्या काळात कुणाला अभिमानाने काही लिहावं असं घडलंच नव्हतं. आता घडलंय, तेव्हा ओटीवर ऐसपैस बस आणि सावकाश वाच.

तुला ठाऊक आहे, दिवाळीच्या आधीपासून मी अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत चंद्रप्रकाशशेठच्या शाम्पूच्या कारखान्यात जातो. कारखाना म्हणजे दोन गाळे, चार पिंपं आणि एक पंखा. माझं काम पिंपात फळी घालून ढवळण्याचं, तेही तात्पुरतं. तर या शेठने परदेशातून एक निळं पिंप मागवलं. त्यात काकवीसारखा काळा, दाट अर्क. नाव म्हणे ‘पीट’. आमच्या केमिस्ट क्षमा मॅडम (वय तेवीस, पण चष्म्यामुळे चाळिशीचा दरारा) यांनी समजावलं, की थंड देशांत दलदलीत झाडपाला हजारो वर्षं कुजत पडतो, त्याची काळी माती होते, तिचा हा अर्क. तो लावला की डोक्याची खाज जाते, कोंडा जातो, केस मऊ होतात. मी म्हटलं, मॅडम, म्हणजे विलायतेतल्या खाजणाचा चिखल! त्या म्हणाल्या, काका, शेठसमोर असं म्हणू नका. पण शेठने ऐकलंच.

घरी येऊन मी शेवंतीला सांगितलं की आता मी पिटाचं काम करतो. तिने ऐकलं पीठ. ‘ट’ आहे, ‘ठ’ नव्हे, हे मी तिला पाटीवर लिहून दाखवलं, तरी बाईसाहेब आपल्या म्हणतात, “पिठाच्या फ्याक्टरीत लागलात, तर घराक दोन शेर आणूक काय झाला?” तिने नळावरही तसंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी समोरच्या चंपामावशी गव्हाचा डबा घेऊन दारात उभ्या, येता येता दळून आणा म्हणून. गिरणीतच होतात ना इतकी वर्षं, असं वर मलाच ऐकवलं. गिरणी कापडाची होती, हे त्या बाईला वीस वर्षांत कळलेलं नाही.

आता मुख्य गोष्ट. शेठचा हुकूम होता की शाम्पूला लिंबाचा वास हवा आणि लिंबाचा आंबटपणाही हवा. मॅडमनी लिंबाचं सत्त्व टाकलं, पीट टाकलं, मी ढवळलं. सकाळी बघतो तर सगळा अर्क फाटून तपकिरी पापुद्रे पिंपाच्या तळाशी. बाटलीत भरून हलवली की पापुद्रे वर यायचे आणि भुरभुरत खाली बसायचे. सहदेवा, कोंडा घालवणाऱ्या शाम्पूलाच कोंडा झाला! मी हसलो, पण मॅडमचे डोळे भरून आले. त्यांची ही पहिलीच नोकरी. शनिवारी मुलुंडचे घाऊक व्यापारी जयंतीभाई माल बघायला येणार होते. त्यांनी नाक मुरडलं तर शेठ हे पीट गटारात ओतणार, मॅडम घरी, आणि तात्पुरता माणूस तर त्यांच्याही आधी घरी. म्हणजे मी.

तेव्हा मी पुढे झालो. (इथे वाचणं थांबवून वहिनींना बोलाव. त्यांनीही ऐकलं पाहिजे.) म्हटलं, मॅडम, रंगखात्यात बावीस वर्षं काढली ती काय हात धुवायला? काही रंग नुसत्या पाण्यात विरघळतच नाहीत. आधी सोड्याच्या पाण्यात घ्यावे लागतात, आणि मग आंबटाचा थेंब जरी पडला तरी नासतात. हे तुमचं पीट त्याच जातीचं दिसतंय. लिंबू काढा, सोडा आणा. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. पुस्तकात हेच लिहिलंय काका, म्हणाल्या, माझ्याच लक्षात आलं नाही. अरे, पुस्तकात माझं लिहिलेलं निघालं!

पहिला प्रयोग माझ्याच डोक्यावर केला. कोंडा माझाच सगळ्यात भरघोस होता, आणि नोकरीही माझीच जायची होती. सोडा अंमळ जास्त झाला. उरलेले चार केस चुन्याच्या कुंचल्यासारखे उभे राहिले, कपाळ आणि कान तपकिरी झाले, आणि उशीच्या अभ्र्यावर माझं डोकं छापून निघालं. शेवंतीने तो अभ्रा दोरीवर न टाकता पुराव्यासाठी बाजूला ठेवलाय. चंपामावशींनी तर मला बघताच काविळीचं निदान केलं आणि पनवेलहून कुणाकडून तरी आणलेली काविळीची माळ माझ्या डोक्यावर ठेवली. ती माळ घेऊन मी बसमध्ये कसा बसलो ते विचारू नकोस. काढली असती, पण स्टॉप मावशींच्या खिडकीसमोरच आहे आणि बस सुटेपर्यंत त्या बघत होत्या.

पण शुक्रवारी सोडा कमी केला आणि यार, झकास जमलं! बाटली खिडकीशी धरली तर कोऱ्या चहासारखा स्वच्छ रंग, तळाला कण नाही. शनिवारी जयंतीभाई आले. त्यांनी बाटली दहा वेळा उलटीसुलटी केली, मग माझं डोकं खाली घेऊन पेनाच्या टोपणाने टाळू उकरून पाहिली. कोंडा नाही. खाज तर दोन दिवसांपासून नव्हतीच. त्यांनी तिथल्या तिथे मोठी ऑर्डर दिली. मग शेठने सगळ्यांसमोर विचारलं, “दशरथभाऊ, हे कुठे शिकलात?” चार वर्षं मी दारोदार फिरलो, वॉचमनची कामं केली, गोण्या उचलल्या. काय येतं असं कुणी विचारलं नाही, वय विचारलं. मी म्हटलं, गिरणीत शिकलो, रंगखात्यात. आवाज जरा मोठाच निघाला. शेठने मला ऑफिसात खुर्चीवर बसवून कपबशीतून चहा दिला, आणि येत्या सोमवारची, सतरा तारखेची, दोनशे लिटरची बॅच नीट उतरली की मला कायम करणार म्हणाले. सहदेवा, मला फार अभिमान वाटला. घरी येऊन मी शेवंतीला तेच वाक्य तीनदा सांगितलं आणि तिने तिन्हीदा नीट ऐकून घेतलं.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. तब्येतीला जप.

तुझा,
दशरथ

ता. क. वर लिहिलं ते शनिवारपर्यंतचं. दोनशे लिटरच्या आधी काल वीस लिटर करून बघितलं, ते फाटलं. आज पुन्हा केलं, तेही फाटलं. शुक्रवारी सोडा मी मुठीच्या अंदाजाने टाकला होता, आता ती मूठ सापडत नाही. किती टाकायचा, पाणी ऊन असताना की निवल्यावर, मला काही आठवत नाही. आठवणार कुठून? रंगखात्यात सोडा तू टाकायचास. मी बालदी धरून गप्पा मारायचो.

ता. क. दुसरा. उलट टपाली कळव असं लिहिणार होतो, पण तुझ्या पत्रातलं अक्षर मॅडमच काय, देवही वाचू शकणार नाही. तू स्वतःच ये. शनिवारची एस.टी. पकड, जागा आमच्याकडे आहे. आज मॅडमना खरं सांगून टाकलं, त्यांनी शेठना सांगितलं. शेठ रागावले नाहीत, दोघांनाही ठेवून घेऊ म्हणाले. तुझ्या पाठीला झेपेल असं काम आहे.

ता. क. तिसरा. आलास की शेठसमोर खुशाल सांग, हे मी दशरथाला शिकवलं. मी शेजारी बालदी धरून उभा असेन.