उमाचं मनगट आणि माझा सोशिकपणा

२ डिसेंबर, सोमवार
सकाळी दुधाची कॅन उतरवताना उमाचा पाय घसरला. कॅन थेट तिच्या मनगटावर. दूध सांडलं नाही. दणक्यानं माझी झोप मात्र मोडली, दिवसभर डोकं जड. ती म्हणाली, "काय न्हाय, मुका मार हाय." हळद-चुना लावला आणि खव्याच्या कढईपुढं बसली. बायको अशी दगडाची असली की सगळी काळजी नवऱ्यालाच करावी लागते. उद्या तालुक्याला, भूमला दवाखान्यात नेणारच. या घरात निर्णय मी घेतो.

३ डिसेंबर
मनगट वांग्याएवढं सुजलंय. चल म्हटलं. म्हणाली, लगीनसराई हाय, दूध येऊन पडलंय, खवा कोण आटवणार? मुद्दा बरोबर. हलवणं जरा थांबलं की तळाला लागतो. माझी टाच दुखते, म्हणून मी फोनच्या ऑर्डरी बघतो. तेही सोपं नाही.

५ डिसेंबर
प्लॅन केला. तिला न विचारता नंबर लावून आलो. एकदा नंबर लागला की बाई येतेच. आली नाही. कढई चढवली होती. नंबर वाया कशाला घालवायचा, म्हणून मीच तपासून घेतलं. ॲसिडिटी निघाली. डॉक्टर म्हणाले, वैजनाथराव, टेन्शन घेऊ नका. घरी येऊन उमाला सांगितलं, हे तुझ्यामुळं. तिनं डाव्या हातानं ताक करून दिलं. आंबट होतं.

८ डिसेंबर, रविवार
पुण्याहून लेकीचा फोन. प्रतीक्षा माझ्यावरच ओरडली, तुम्ही काय करता म्हणे. मी काय करतो! रोज विचारतो, दुखतंय का? ही रोज म्हणते, न्हाय. आता बळजबरी करू? दूध थांबत नाही, ही ऐकत नाही, मधल्यामध्ये माझं मरण. जायचं तरी कुठं?

१० डिसेंबर
ठरलं. उद्या कढई मी सांभाळणार, ती एसटीनं जाऊन येणार. खवा हलवायला काय अक्कल लागते? बघून बघून सगळं पाठ आहे.

११ डिसेंबर
ती साडी बदलून फाट्यावर गेली. इकडं मी उत्तम हलवत होतो. तेवढ्यात फोन आला. मोठं गिऱ्हाईक, तोडायचं कसं? करपल्याचा वास फाट्यापर्यंत गेला असावा. तशीच परत आली, पदर खोचला, कढई घासली, दुसरं दूध चढवलं. सगळं डाव्या हातानं. एसटी गेली. चूक लाकडांची, ओली होती. धुरानं माझे डोळे अजून चुरचुरतात.

१३ डिसेंबर
आज तिच्या हातातून उलथनं गळून पडलं. उजव्या हातानं धरून बघत होती. उचललं, परत पडलं. बोटं मिटत नव्हती. ती आपल्याच बोटांकडं बघत बसली. मला भीती वाटली. हा हात गेला तर? सगळं दूध शेजारच्या हरणाबाईला दिलं, दही लाव म्हटलं आणि गाडी काढली.

संध्याकाळी ५
फ्रॅक्चर. हाड वाकडं जुळायला लागलंय, बसवावं लागेल. डॉक्टरांनी मनगट जरा वळवलं आणि उमा ओरडली. बाहेरचे पेशंट उठून दारात आले. इतक्या वर्षांच्या संसारात मी हा आवाज ऐकला नव्हता. डॉक्टर म्हणाले, एवढं दुखत होतं तर घरी बोलला का नाहीत? मला वाटलं, स्वतःच्या हिमतीचं काहीतरी सांगेल. ती म्हणाली, "घरात ह्यांचं दुखणं सरलं, तर माझी पाळी यायची ना."
मी भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचत राहिलो. दोनदा वाचला.

१५ डिसेंबर
प्लॅस्टर झालं. हात हलवायचा नाही. कढईपुढं मी. ती बाजेवरून सांगते, तळातून घ्या, कडेचं सोडवा. दुपारी वाफेनं हात भाजला, फोड आलाय. ओरडायला तोंड उघडलं. समोर ती, मांडीवर प्लॅस्टर घेऊन बसलेली. तोंड मिटलं. हलवत राहिलो. लई दुखतंय.