रक्त पोचलं, आजोबा नाहीत

तीर्थरूप आजोबांस,
साष्टांग नमस्कार. तुमची प्रकृती ठणठणीत असल्याचं आमच्या मशीनने कळवलं आहे. अडचण एवढीच, की ती प्रकृती तुमची नाही.

तुम्हाला आठवत असेल (नसेल, तर त्याचीही नोंद घेते), आमच्या प्रयोगशाळेत सत्तरीपुढच्या मंडळींचं रक्त दर वर्षी तपासतात. हृदयावर ताण आला की ट्रोपोनिन नावाचं प्रथिन रक्तात झिरपतं. एका आकड्यावरून फार कळत नाही. तो वर्षागणिक चढतोय का, यावरून पुढच्या धोक्याचा अंदाज येतो. तुमचा आकडा दोन वर्षांपूर्वी नऊ होता, गेल्या वर्षी चौदा. यंदा चार! साहेब हरखले. आजोबा खातात काय, असं त्यांनी मला दोनदा विचारलं. तळलेलं आणि आजीची बोलणी, असं मी खरं ते सांगितलं. दोन्ही त्यांनी टिपून घेतलं. मी मात्र शंका नको म्हणून नळीत उरलेल्या रक्ताचा गट तपासला. माणसाचं मत बदलतं, आजोबा. ओ गटाचा बी होत नाही.

मग नर्सबाईंकडे चौकशी केली. तुमच्या नावावर आलेले गृहस्थ सडसडीत होते म्हणे. जन्मतारीख घडाघडा म्हणाले, पण कुठल्या हातातून रक्त घेऊ म्हटल्यावर गडबडले आणि दाराबाहेर मान काढून ओरडले, "अहो, तुमचा हात कुठला?" (म्हणजे तुमचे दोस्त पोस्टमनकाका! चाळीस वर्षं सायकलवरून टपाल वाटलेलं त्यांचं हृदय तुम्ही माझ्या मशीनला दाखवलंत. त्यांना म्हणावं, जन्मभर ज्याचं त्याला पोचवलंत आणि आता हा चुकीचा पत्ता?) साहेबांना मी चमत्कार रद्द झाल्याचं सांगितलं. ते अजून नीट जेवत नाहीत.

शनिवारी सकाळी आठला यावं. हात स्वतःचा आणावा.

तुमची नात

ता. क. सुईला घाबरून तुम्ही हे केलं नाहीत, हे मला कळतं. चौदाच्या पुढचा आकडा तुम्हाला ऐकायचा नव्हता. पण तुमचा आकडा चढला असेल, तर त्यावर करण्यासारखं बरंच आहे. पोस्टमनकाकांच्या चारवर मी काय करू?

पुन्हा ता. क. शनिवारी मशीनवर माझी पाळी होती. ती मी मैत्रिणीला दिली आहे. मी बाहेर बाकावर तुमच्या शेजारी बसेन. कारण तांत्रिक आहे. आजीला सांगू नका. ती म्हणेल, आपल्या जागी दुसऱ्याला पाठवायची खोड घराण्यातलीच.