लाल वायरला लावलेला बिल्ला

१४ मार्च, मंगळवार
जेवणाची सुट्टी

ती. दादा,

साष्टांग नमस्कार घातला असं समज. प्रत्यक्षात मी पालथ्या क्रेटवर बसलोय आणि मांडीवर पुठ्ठा आहे. प्रकृती उत्तम. तुझीही असणारच, तुला काय धाड भरलीय.

तुझं पत्र पोचलं. सात ओळी, त्यातल्या तीन ओळींखाली लाल रेघा. सख्ख्या भावाला लिहितानाही पेपर तपासल्यासारखं लिहिणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. ‘आई अण्णांचा बिल्ला रोज मागते. तो घेऊन ये. नसेल तर तूही येऊ नकोस.’ वा! पोस्टमन वारला, मागे त्याचा मोठा मुलगा मास्तर, आणि पत्र लिहितो तर असं. अण्णांनी आयुष्यभर पोचवलेल्या लाखभर पत्रांत इतकं कोरडं एकही नसेल.

बिल्ल्याचं सांगतो, पण आधी इथलं.

ही या वर्षातली चौथी नोकरी. हसू नकोस. मुलाम्याचा कारखाना आहे. नळाच्या तोट्या, दारांच्या कड्या, सायकलच्या घंट्या, काय वाट्टेल ते येतं आणि चकचकीत होऊन जातं. लांबच लांब टाक्या, त्यांत मोरचुदाचं, तुझ्या भाषेत कॉपर सल्फेटचं, निळं पाणी. नाक आठ दिवस चुरचुरतं, मग त्याला कळतं की इथं आपलं कुणी ऐकत नाही. मी खोली घेतलीय तिथला म्हातारा पोपटाला शिव्या शिकवतोय, पोपट शिकत नाही, म्हातारा पोपटाला शिव्या देतो. तुझी आठवण झाली.

टाकीवर एक मावशी आहे. चौथी नापास. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, “शाळेत गेलेलास का रे?”

म्हटलं, “माझा दादाच मास्तर आहे. रसायनशास्त्र शिकवतो.”

“अरेरे. मग वेळ लागेल.”

तिनं एक खिळा घासून निळ्या पाण्यात सोडला. बाहेर काढला तर अंगभर तांबूस. म्हणाली, “लोखंडानं दिलं, तांब्यानं घेतलं. देणारा पाण्यात विरघळला, घेणारा खिळ्यावर येऊन बसला. एकटं कुणी देत नाही, एकटं कुणी घेत नाही. चल, झाडू घे.”

संपला धडा! यावर तू आमच्या वर्गाचे तीन आठवडे खाल्लेस. इलेक्ट्रॉन देणं म्हणजे ऑक्सिडीकरण, घेणं म्हणजे क्षपण, दहा वेळा लिहा. तुझ्या त्या शब्दात ऑक्सिजन आहे आणि आमच्या टाकीत त्याचं काही काम नाही. नावं ठेवण्यात तुम्ही मास्तरलोक पटाईत, मग ती वस्तूला असोत की भावाला. ‘भिंगरी’ हे नाव तूच ठेवलंस, भर वर्गात.

बरं. बिल्ला.

तू नातेवाइकांत सांगितलंस की मी तो विकून खाल्ला. विकला नाही. घरातून निघताना उचलला, हे खरं. अण्णांची खुर्ची तू घेतलीस, घड्याळ तू घेतलंस, जेवताना खाकरायची पद्धतसुद्धा घेतलीस. मग मी एक तांब्याचा बिल्ला घेतला तर कुणाला जड झालं? त्यावर अण्णांचा पोस्टातला नंबर, चारशे बारा. कोपरा कळकून हिरवा झाला होता, आकडे पुसट. तुझं पत्र आल्यावर वाटलं, तांब्याचा एक थर चढवून चकाचक करून न्यावा. आईच्या हातात द्यावा, तुझ्या तोंडाकडे बघावं.

मावशीचा नियम एकच आहे: काळी वायर मालाला, लाल वायर तांब्याच्या पत्र्याला. रोज दोनशे वेळा मी तेच करतो. पण हा अण्णांचा बिल्ला, इथं अडाण्यासारखं कसं वागायचं? म्हणून मी डोकं चालवलं. म्हणजे तुझं डोकं. तांबं चढणं म्हणजे क्षपण. क्षपण कॅथोडवर. आणि कॅथोड म्हणजे अधिक, हे तू डस्टर आपटून सांगितलेलं अजून कानात आहे. अधिक म्हणजे लाल.

बादलीत मोरचूद घेतला, बिल्ला लालला लावला, पत्रा काळीला, वीज सोडली. समोरच्या धुराड्यावर एक माणूस दोराला लटकून रंग देत होता, तो बघायला गेलो. तुला माहीतच आहे मी कसा बघतो. तीन तास गेले.

परत आलो तर मावशी बादलीपाशी उभी. ओरडली नाही. एरवी ती थुंकणाऱ्यावरही ओरडते. “कुणाचा होता?” एवढंच विचारलं.

बिल्ल्याची चाळणी झालीय, दादा. कागदासारखा पातळ, मधे भोकं. चारशे बारा नाही. काहीच नाही.

मी तुला यथेच्छ शिव्या घातल्या. अर्धवट शिकवणारा मास्तर म्हणून. मावशी म्हणाली, “तुझा दादा बॅटरीचं बोलला असेल. बॅटरी स्वतः वीज करते, तिथं ते खरं. इथं आपण बाहेरून वीज घालतो, इथं उलटं. तेही सांगितलं असेलच की त्यानं.”

सांगितलं असशील. दुसऱ्या दिवशी. तो तास मी मागच्या खिडकीतून उडी मारून बुडवला. तू पाहिलंस मला. पाठमोरा होऊन फळा पुसत राहिलास आणि घरी अण्णांना सांगितलं नाहीस. का नाही सांगितलंस? मार खाल्ला असता तर आज आकडे शाबूत असते. तुझ्या चांगुलपणाचाही मला राग येतो, बघ.

सोबत दोन वस्तू पाठवतोय. एक, ती चाळणी. दुसरा, तो पत्रा. त्यावरचा खडबडीत थर म्हणजे अण्णांचा बिल्ला. बाहेर कुठं गेला नाही, इथून उठून तिथं बसला. पत्रा फेकू नकोस. आईला काय सांगायचं ते तू ठरव, आजवर सगळं तूच ठरवलंस.

दुसऱ्या दिवशीचा तो तास परत घे, असं मी म्हणत नाहीये. रविवारी आमची टाकी बंद असते, एवढंच कळवतो. आणि खिडकीतून ये-जा करायची सवय गेलीय. घराचं दार लावलेलं असेल तर वाजवीन.

तुझा, उलट बाजूला लागलेला,
भिंगरी